बारावी पुन्हा? वर्ष मागण्यापूर्वीचा हिशेब

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो. त्याच्या मागोमाग सीईटी, जेईई आणि नीटचे निकाल येतात. जून संपेपर्यंत राज्यातील हजारो घरांत एकच प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळी निघतो, तो असा : मिळते आहे ते घ्यायचे, की एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची? पूर्वी या थांबण्याला 'वर्ष वाया जाणे' म्हणत. आता 'ड्रॉप घेणे' म्हणतात. शब्द बदलला तसा भावही बदलला आहे. पहिल्या शब्दात घडून गेलेल्या गोष्टीची खंत होती, दुसऱ्यात आपण होऊन काही घेत असल्याचा सूर आहे. वर्ष मात्र तेच, तीनशे पासष्ट दिवसांचे. आणि खरे पाहता तेवढ्याही दिवसांचे नाही. त्याविषयी पुढे येईलच.

प्रस्तुत लेखकाने कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. दरवर्षी जूनमध्ये गुणपत्रिका हातात घेऊन येणारे आईवडील आणि त्यांच्या मागे मान खाली घालून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी, हे दृश्य इतके ओळखीचे झाले की, कोण काय विचारणार हे आधीच कळू लागले. "सर, अजून एकदा बसवू का?" या प्रश्नातील 'बसवू' हा शब्द नेहमी खटके. बसणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, हे त्या एका शब्दात उघड होत असे.

एका शब्दाखाली निरनिराळे प्रश्न

'बारावी पुन्हा करणे' असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्यात किमान तीन वेगळ्या परिस्थिती मिसळलेल्या असतात. त्यांची उत्तरे एक नाहीत, म्हणून आधी त्या वेगळ्या करायला हव्यात.

पहिली परिस्थिती अनुत्तीर्ण विद्यार्थ्याची. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल अलीकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. २०२५ मध्ये तो ९१.८८ टक्के होता. अशा काळात नापास होणे अधिकच बोचते, कारण आजूबाजूला सगळे उत्तीर्ण झालेले असतात. पण या विद्यार्थ्याने संपूर्ण वर्ष पुन्हा करण्याचे सहसा कारण नसते. पूर्वी ऑक्टोबरमध्ये होणारी फेरपरीक्षा आता पुरवणी परीक्षा म्हणून जून-जुलैतच होते. उत्तीर्ण झालेल्या विषयांत सूट घेऊन फक्त राहिलेल्या विषयांची परीक्षा देता येते. अनेक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात, त्यामुळे एक-दोन विषय राहिलेल्या मुलाचे वर्ष वाचू शकते. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुनर्परीक्षार्थींचा निकाल नियमित विद्यार्थ्यांच्या निकालापेक्षा फार कमी लागतो, निम्म्याच्याही खाली जातो. म्हणजे निकालाच्या धक्क्यातून सावरायला महिना घालवून मग पुस्तक उघडणाऱ्याला पुरवणी परीक्षा तारत नाही. फॉर्म भरण्याची मुदत निकालानंतर लगेचच सुरू होते, अभ्यासही तेव्हाच सुरू व्हावा लागतो.

दुसरी परिस्थिती अधिक फसवी आहे. विद्यार्थी उत्तीर्ण आहे, प्रवेश परीक्षेतही बरे गुण आहेत, पण बारावीची टक्केवारी आडवी येते. जेईईच्या गुणांवर आयआयटी किंवा एनआयटीत जायचे, तर बारावीत खुल्या प्रवर्गाला ७५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५ टक्के. करोनाच्या काळात ही अट शिथिल झाली होती, २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली. राज्यातील अभियांत्रिकी पदवीसाठी संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के. अकरावी-बारावीला महाविद्यालयात केवळ नाव घालून दोन वर्षे क्लासमध्येच काढणाऱ्या मुलांना हा फटका हमखास बसतो. वस्तुनिष्ठ प्रश्नांची सवय इतकी झालेली असते की, मंडळाच्या उत्तरपत्रिकेत चार ओळींची सिद्धता लिहिताना हात अडखळतो.

अशा विद्यार्थ्यासाठी मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्याला गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसता येते. त्यासाठी लगतच्या तीन परीक्षांच्या संधी मिळतात. त्यातली पहिली त्याच वर्षीच्या पुरवणी परीक्षेची. म्हणजे इथेही वर्ष थांबावे लागतेच असे नाही. गुण वाढले नाहीत तर मूळ निकाल हातचा जात नाही. ७५ टक्क्यांच्या अटीला एक पर्यायही आहे, जो अनेक पालकांना ठाऊक नसतो : विद्यार्थी आपल्या मंडळाच्या, आपल्या प्रवर्गातील वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असेल तरी तो पात्र ठरतो. त्यामुळे ७३ टक्के पाहून रडू फुटण्यापूर्वी हा आकडा तपासावा. आणि एक गैरसमज दूर करावा. श्रेणीसुधारासाठी बारावीला पुन्हा बसले म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डची संधी आणखी एक वर्ष लांबते, असे काहीजण समजतात. तसे होत नाही. तिथे बारावीला पहिल्यांदा कोणत्या वर्षी बसलात, तेच धरले जाते.

तिसरी परिस्थिती सर्वांत मोठ्या संख्येची, आणि खरा पेच तिथेच आहे. बारावी उत्तम गुणांनी पार पडली, पण प्रवेश परीक्षेत हवे ते साधले नाही. हे विद्यार्थी बारावी 'पुन्हा' करीत नाहीत. त्यांची बारावी झालेली असते. ते एका प्रवेश परीक्षेसाठी वर्ष बाजूला काढतात. उरलेला लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

किती संधी आणि कोणाच्या हातात

प्रत्येक परीक्षेचा दरवाजा किती वेळा उघडतो, हे आधी पाहावे. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षे देता येते, दर वर्षी दोन सत्रे. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच. शिवाय एकदा आयआयटीत प्रवेश घेतला की ही परीक्षा पुन्हा देता येत नाही; त्यामुळे 'आत्ता मिळेल ती शाखा घेऊ, पुढच्या वर्षी पुन्हा बसू' हा मार्ग तिथे बंद आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि कमाल वयाची अटही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. मर्यादा नसणे ही सोय वाटते, पण तीच सापळाही होते. कुठे थांबायचे हे नियम सांगत नाही, ते घरातच ठरवावे लागते.

नियमही स्थिर नसतात. नोव्हेंबर २०२४ मधील प्रकार अनेकांना आठवत असेल. ५ नोव्हेंबरला जेईई ॲडव्हान्स्डच्या संधी दोनवरून तीन केल्याचे जाहीर झाले. काही विद्यार्थ्यांनी त्या भरवशावर घेतलेले प्रवेश सोडले. १८ नोव्हेंबरला निर्णय मागे घेण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने या तेरा दिवसांत अभ्यासक्रम सोडलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी नोंदणीची मुभा दिली. त्यांचे नशीब की न्यायालय उभे राहिले. एखादी बातमी वाचून हातातली जागा सोडणे किती महागात पडू शकते, ते या प्रकाराने दाखवून दिले. माहितीपुस्तिका प्रसिद्ध होईपर्यंत कोणताही बदल हा बदल धरू नये.

गुण नव्हे, क्रमांक

घरात चर्चा होते ती गुणांची. "पाचशे वीस आले, अजून ऐंशी हवे होते." हा हिशेब जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि तो का, हे २०२४ आणि २०२५ ची नीट शेजारी ठेवली की कळते. २०२४ मध्ये, सुधारित निकालानंतरही, सतरा विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ होते. भौतिकशास्त्राचा भाग त्या वर्षी फार कठीण निघाला. २०२४ मध्ये ६०० गुण मिळवणाऱ्या खुल्या प्रवर्गातील मुलाला सरकारी महाविद्यालयाची खात्री नव्हती. वर्षभराने तेवढेच गुण घेणारा देशातील पहिल्या काही हजारांत होता. ज्याने २०२४ मध्ये ६०० गुण मिळवून थांबायचे ठरवले आणि पुढच्या वर्षी ५५० मिळवले, तो मागे गेला की पुढे? गुण पाहिले तर मागे, क्रमांक पाहिला तर पुढे.

म्हणून पहिले काम असे, की या वर्षीचा आपला अखिल भारतीय क्रमांक किंवा राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांक घ्यावा, आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या प्रवेशफेरीत आपल्या प्रवर्गाची शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली ते पाहावे. राज्य सीईटी कक्ष या याद्या प्रसिद्ध करतो. पहिल्या फेरीची यादी पाहून खचू नये आणि कुणाच्या तरी भाच्याला शेवटच्या क्षणी मिळालेल्या जागेवरून फुलूनही जाऊ नये. अंतर किती आहे ते क्रमांकात मोजावे. शेवटच्या जागेपासून आपण दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असलो, तर ते एका वर्षात भरून निघण्याजोगे अंतर आहे. आपला क्रमांक शेवटच्या जागेच्या चौपट असेल, तर आपण एका वर्षाचे काम मागत नाही, वेगळ्याच पायाभरणीचे काम मागत आहोत.

सीईटीत पर्सेंटाइलने आणखी गोंधळ होतो. समजा एका गटात चार लाख विद्यार्थी बसले. ९५ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे सुमारे वीस हजार जण आहेत, ९९ म्हणजे चार हजार. ऐकायला चारच अंकांचा फरक, पण वाटेत सोळा हजार मुले उभी आहेत. नीटचा 'पात्र' हा शब्दही असाच दिशाभूल करतो. २०२५ मध्ये बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि बारा लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खासगी महाविद्यालयांत, म्हणजे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. 'आमचा मुलगा नीट पास झाला, थोडक्यात हुकला' हे वाक्य पेढ्यांबरोबर ऐकू येते तेव्हा त्यातला दुसरा भाग तपासून घ्यावा.

उत्तरपत्रिका घेऊन बसावे

क्रमांकाने अंतर कळते, ते कशाने पडले हे कळत नाही. त्यासाठी उत्तरपत्रिका समोर ठेवावी लागते. हे काम करायला एक रविवार पुरतो, आणि माझ्या अनुभवात दहातली आठ घरे ते करीत नाहीत.

नीटमध्ये १८० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक वजा. समजा एका मुलीने सर्व प्रश्न सोडवले, १३२ बरोबर आले, ४८ चुकले. ५२८ मधून ४८ गेले, ४८० उरले. आता त्या ४८ प्रश्नांपाशी थांबावे. प्रत्येकासमोर तिने स्वतः, प्रामाणिकपणे, चारपैकी एक कारण लिहावे : हे प्रकरण अभ्यासलेच नव्हते, अभ्यासले होते, पण आठवले नाही, येत होते, पण घाईत चुकले, ठोकताळ्याने खूण केली. हे कारण आईवडिलांनी किंवा क्लासच्या सरांनी लिहून उपयोग नाही. ते तिलाच ठाऊक असते.

मग चित्र स्पष्ट होते. ४८ पैकी तीस प्रश्न 'अभ्यासलेच नव्हते' या रकान्यात गेले, आणि ती प्रकरणे राहून जाण्याला काही कारण होते, घरात आजारपण होते, अकरावीचे वर्ष हातातून निसटले होते, बारावीच्या मध्यावर क्लास बदलावा लागला होता, तर पुढचे वर्ष खरोखर काही देऊ शकते. काम नेमके माहीत आहे आणि त्याला वेळ हवा आहे. पण तीस प्रश्न 'येत होते, घाईत चुकले' इथे असतील तर? असा विद्यार्थी म्हणतो, "सगळे येते, फक्त सिली मिस्टेक्स होतात." ऐकायला हे सर्वांत आशादायक कारण वाटते. मला ते सर्वांत काळजीचे वाटत आले आहे. कारण याला अभ्यासक्रम पुन्हा शिकवून काहीच होणार नाही. त्याची गरज घड्याळ लावून सोडवलेल्या पूर्ण प्रश्नपत्रिकांची आहे, तीन महिन्यांची. आणि परीक्षेच्या दिवशीच्या भीतीवर काम करण्याची. रिपीटर बॅचमध्ये मात्र त्याला पुन्हा पहिल्या प्रकरणापासून बसवले जाते. दिवाळीपर्यंत त्याला वाटते, हे तर सगळे येतेच. फेब्रुवारीत तो होता तिथेच असतो, फक्त थोडा अधिक थकलेला.

एमएचटी-सीईटीत चूक झाली तर गुण वजा होत नाहीत. तिथला शत्रू वेळ आहे : भौतिक आणि रसायनशास्त्राचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, गणिताचे पन्नास प्रश्न आणखी नव्वद मिनिटांत. अभ्यासक्रमाचा सुमारे ८० टक्के भाग बारावीचा. इथे कमी पडलेल्या मुलाला बहुधा सराव कमी पडलेला असतो. केवळ सीईटीसाठी, नामांकित महाविद्यालयातील संगणक शाखेसाठी, पूर्ण वर्ष थांबणे मला व्यक्तिशः फारसे पटत नाही. दुसऱ्या महाविद्यालयात किंवा दुसऱ्या शाखेत जागा असते, आणि चार वर्षांनी नोकरी देणारा प्रवेशाच्या वेळचा पर्सेंटाइल विचारत नाही. वैद्यकीयचे तसे नाही. तिथे जागा मिळाली नाही तर डॉक्टर होताच येत नाही. म्हणून 'ड्रॉप घ्यावा का' याचे एकच उत्तर दोन्हींना देणारा सल्लागार मला संशयास्पद वाटतो.

वर्ष नव्हे, साडेनऊ महिने

वर्ष मिळते असे आपण धरून चालतो. नीट साधारण मेच्या सुरुवातीला होते. निकाल, प्रवेशफेऱ्यांची वाट, 'बघू, पुढच्या फेरीत काही होते का', यात जुलै उजाडतो. जुलैच्या मध्यापासून एप्रिलअखेर, म्हणजे साडेनऊ महिने. जेईईवाल्यांचे तर त्याहून कमी : मेनचे पहिले सत्र जानेवारीत असते, सहा महिन्यांवर. श्रेणीसुधारही करायचा असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत प्रात्यक्षिके आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी परीक्षा मधोमध येते. गणपती, दिवाळी, घरातले एखादे लग्न, पावसाळ्यातला ताप, यांनी खाल्लेले दिवस वेगळेच.

आणि या महिन्यांचा दर्जा शाळेच्या महिन्यांसारखा नसतो. बरोबरीचे मित्र पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत गेलेले असतात. मोबाइलवर त्यांच्या सहलींची छायाचित्रे येत असतात. इथे हा मुलगा सकाळी तीच वही उघडतो. ऑगस्टपर्यंत उत्साह असतो; नोव्हेंबर-डिसेंबरात बहुतेकांना एक पडझड येते. ती येणार, हे आधी सांगून ठेवलेले बरे. ज्याला ती अनपेक्षित वाटते, तो तिला आपल्या नालायकीचा पुरावा समजतो.

लातूर, नांदेड किंवा राजस्थानातील कोटा इथे राहायला जावे का, हाही प्रश्न येतो. लातूरने गेल्या काही दशकांत अभ्यासाची जी शिस्त उभी केली, तिचा लाभ ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलांनी घेतला आहे, आणि ज्या गावात चांगला शिक्षकच नाही तिथल्या मुलासाठी बाहेर जाणे योग्यच. पण शहरात, घराजवळ शिकण्याची सोय असताना केवळ 'तिथले वातावरण' म्हणून अठरा वर्षांच्या, नुकत्याच अपयश आलेल्या मुलाला एका खोलीत एकटे ठेवणे, यात जोखीम आहे. कोट्यात २०२३ मध्ये झालेल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हादरला, ते विसरता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, हे त्यांत आहे. पैसे भरण्यापूर्वी परताव्याची ही अट त्या वर्गाच्या पावतीवर आहे का, ते पाहावे. नसेल तर हप्त्यांनी भरावे. पूर्ण रक्कम आधी भरली की 'आता पैसे गेले, सोडता येणार नाही' हे ओझे जानेवारीत मुलाच्या मानेवर बसते.

झोप उडणे, जेवण तुटणे, बोलणे थांबणे, ही लक्षणे दिसली तर 'परीक्षा झाली की ठीक होईल' म्हणून वाट पाहू नये. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते.

आधा मार्ग

बहुतेक घरांत पर्याय दोनच मांडले जातात, सगळे सोडून थांबणे किंवा स्वप्न सोडून देणे. यांच्या मध्ये बरेच काही असते. बीएस्सीला किंवा फार्मसीला प्रवेश घेऊन त्याबरोबर एक प्रयत्न करणारे विद्यार्थी आहेत. याला क्लासवाले 'पार्शल ड्रॉप' म्हणतात आणि नाके मुरडतात. दोन्हीकडे लक्ष राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते काही अंशी खरे आहे. प्रात्यक्षिके आणि अंतर्गत मूल्यमापन वेळ खातात. पण ज्या मुलाला मागे काहीतरी असल्याशिवाय परीक्षागृहात श्वास घेता येत नाही, त्याच्यासाठी हाच मार्ग बरा. उलट ज्याला सोय दिसली की तीत रमण्याची सवय आहे, त्याने पूर्ण वर्ष काढावे किंवा मुळीच काढू नये. आपले मूल यांतले कोणते, हे आईला बहुधा ठाऊक असते.

अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांसाठी एक साधे गणित सांगतो. ते ऐकून अनेक पालक चकित होतात. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तिथली दोन वर्षे, मग पदविकेच्या गुणांवर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि पदवीची तीन वर्षे. एकूण पाच. वर्षभर थांबून मग चार वर्षांची पदवी केली, तरीही पाचच. दोन्ही मुले एकाच वर्षी पदवीधर होतात. एकाच्या हातात मात्र वाटेत मिळालेली पदविकाही असते. पॉलिटेक्निकला आपण कमी लेखतो ही आपली खोड आहे.

वैद्यकीयकडच्यांनीही नीटच्या गुणांवर आणखी काय मिळते ते पाहावे. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक तर आहेच. फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक पदवीचे प्रवेशही राज्यात नीटवरच होतात. पशुवैद्यकाला दुधाच्या पट्ट्यात जी मागणी आहे, ती शहरातल्या पालकांच्या कानावरही गेलेली नसते. अर्थात ज्या मुलीला माणसांचीच डॉक्टर व्हायचे आहे तिला जबरदस्तीने गाईकडे वळवू नये. मात्र 'एमबीबीएस नाही तर काहीच नाही' हे वाक्य तिचे आहे की घराचे, हे विचारावे.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. मुलाला दुसरे, तिसरे वर्ष देणारी घरे मुलीच्या बाबतीत पहिल्या वर्षालाच हात आखडता घेतात. "तिचे वय वाढते," असे दबक्या आवाजात सांगितले जाते. उत्तरपत्रिकेचा हिशेब दोघांना एकच लावावा. निकषही एकच असावा.

आणि तो निकष काय? माझ्यापुरता तो असा आहे. पुढच्या वर्षी काय वेगळे होणार, हे विद्यार्थ्याने आपल्या हाताने एका पानावर लिहून दाखवावे. 'जास्त अभ्यास करीन' हे उत्तर नव्हे. गेल्या वर्षीही तो तेच म्हणाला होता. 'सेंद्रिय रसायन आणि प्रकाशशास्त्र कधीच नीट केले नाही, ते सप्टेंबरपर्यंत संपवीन. डिसेंबरपासून दर रविवारी पूर्ण प्रश्नपत्रिका. फोन घरातल्या कपाटात' हे उत्तर आहे. ज्याला ते पान लिहिता येत नाही, त्याला वर्ष देऊ नये. ज्याने लिहिले, त्याला द्यावे, आणि मग वर्षभर त्याची रोज उलटतपासणी घेऊ नये. "अभ्यास झाला का?" हा प्रश्न दिवसातून एकदा पुरे.

दुसऱ्यांदा थांबण्याविषयी विचारणारेही येतात. पहिल्या खेपेपेक्षा क्रमांक स्पष्टपणे सुधारला असेल आणि हुकलेले अंतर अगदी थोडे असेल, तरच तो विचार करावा. तोही कुठेतरी प्रवेश घेऊन ठेवून. क्रमांक तिथेच राहिला असेल, तर तिसऱ्या वर्षी तो हलेल असे मानायला आधार नसतो.

थांबायचे ठरलेच, तर कागदपत्रांचे काम पावसाळ्यातच उरकून घ्यावे. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी मधल्या वर्षाबद्दल प्रतिज्ञापत्र, ज्याला आपण गॅप सर्टिफिकेट म्हणतो, ते मागितले जाते. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांची जात वैधता प्रमाणपत्रे ऐनवेळी अडकतात आणि मिळालेली जागा हातची जाते, हे दर वर्षी घडते. हे मोकळे वर्ष त्यासाठी हाताशी आहे. समितीकडे अर्ज आत्ताच करावा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे यंदाच्या प्रमाणपत्राची मुदत येत्या मार्चलाच संपत असेल, तर ते पुढील जूनमध्ये चालणार नाही, ते एप्रिलनंतर नवे काढावे लागेल. कुठे तात्पुरता प्रवेश घेतला असेल, तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे जमा झालेला असतो. तो देण्यापूर्वी दोन साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात, आणि प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख कोणती, शुल्क किती परत मिळेल, हे कार्यालयातून लेखी घ्यावे.